शे, छे, आहे

मिरचीचे दिवस आले की मला आधी ठसका लागतो, आणि मग ते दिवस आल्याचं ध्यानात येतं. दिवाळी उलटली की नंदुरबारच्या कडेच्या मोकळ्या रानात लाल मिरच्या पसरल्या जातात. लांबून पाहिलं तर कुणी लुगडी वाळत घातली आहेत असं वाटावं. वारा फिरला की मिरचीचा तो तिखट खाट थेट आमच्या कॉलेजच्या खिडक्यांतून आत येतो. बारावीचा वर्ग एकदम खोकायला लागतो, मी खडू हातात धरून थांबते, पोरं हसतात. बाहेरगावाहून नवीन आलेले शिक्षक नाकाला रुमाल लावतात. मला तो वास सोसतो. त्या वासाला मी माझ्या मायच्या हातांचा वास म्हणते. मनातल्या मनात.

यंदा त्या खाटाबरोबर आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक कागदही फिरला. नाताळच्या सुट्टीत सहल, समुद्रकिनारा, सोबत घरचं एक माणूस आणता येईल. नावापुढे एक रिकामा रकाना होता, ‘सोबत कोण’. मी कागद पुढे सरकवला. पाच हिवाळ्यांपूर्वी असाच कागद फिरला होता, आणि त्या रकान्यात मी झोकात लिहिलं होतं, ‘आई’. खरं तर मी तिला जन्मात कधी आई म्हटलेलं नाही. ती माय. पण कागदावर आई लिहायचं, हे मी शाळेत शिकले होते.

शाळेचं सांगायलाच हवं, कारण माझ्याकडे जे काही आहे ते शाळेने दिलेलं आहे. प्रकाशाजवळचं आमचं गाव, तापीच्या काठची थोडी काळी जमीन, तीत कापूस, पपई आणि मिरची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पाचवीत असताना ‘माझे गाव’ या निबंधात मी लिहिलं, ‘मन्हं गाव तापीना काठले शे.’ आमचे गुरुजी रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी ‘शे’भोवती लाल शाईने गोल काढला आणि बाजूला सुरेख अक्षरात लिहिलं, ‘आहे’. मग शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास ते मला पायरीवर बसवून बोलायला लावायचे. मी आहे, तू आहेस, ती आहे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या एका ‘आहे’चा हात धरून मी दहावी झाले, बीए झाले, एमए झाले, आणि आज त्याच भाषेचे तास घेते. हे मी कडवटपणाने म्हणत नाही. कडवटपणा दुसरीकडचा आहे.

आणि मायचे उपकार? मिरचीच्या हंगामात सगळं घर देठं खुडायला बसायचं. शेजारच्या माझ्याएवढ्या मुलीही बसायच्या. मी जवळ गेले की माय कोपराने मला लोटायची, कारण तिची बोटं आगीसारखी झालेली असत. “व्हय तथा! पुस्तकले हात लाव. मिरचीना हात डोयाले लागी ना, त वाचशी कशी?” म्हणून माझे डोळे कधी चुरचुरले नाहीत. ती दिवसभर देठं खुडायची आणि संध्याकाळी ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसायची. मी समोर बसून मोठ्याने धडा वाचायची. तिला त्यातलं निम्मं कळत नसे. पण शब्द कानावर पडला की ती तो जिभेवर घोळवून बघायची, आणि आवडला नाही तर म्हणायची, “यान्हापेक्षा आपला चांगला शे.”

तर त्या सहलीला मी तिला घेऊन गेले. दादा, म्हणजे माझे वडील, गुरं सोडून येईनात. सहल डुमसला होती, सुरतेच्या पुढे. सुरतेची गाडी आमच्या नंदुरबारहूनच जाते. माय कधी त्या गाडीत बसली नव्हती. पण डुमसचं नाव ऐकल्यावर तिने एकच विचारलं, “तापीमाय तठेच जास ना?” मी म्हटलं, हो, तिथेच समुद्राला मिळते. तिने लगेच पिशवी भरायला घेतली. नवा खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. आमच्याकडे नदीची ओटी भरतात, त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं तिच्या बोलण्याचं. “जलमभर तापीमायले दखं. एकदाव तिन्हं सासर दखाले नको? माहेरनं मानूस जाई ऱ्हायनं, त रिकामा हातवर कशी जाऊ? आनि माहेरनी खबर सांगनी पडी ना तिले.”

तापी आमच्या गावावरून लेकीसारखी जाते आणि समुद्राच्या घरी नांदते, हे तिने तिचंच जुळवलं होतं. आठवडाभर ती खबर जमवत होती. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची म्हैस व्यायली, घाटाच्या पायऱ्या कुठे खचल्या, देवळाच्या रंगाचं काय झालं. हे सगळं तिला तापीला सांगायचं होतं.

गाडीत ती खिडकीशी बसली. नवापूरच्या स्टेशनात कुणी तरी सांगितलं की या फलाटाचा निम्मा भाग महाराष्ट्रात आहे आणि निम्मा गुजरातेत. गाडी थांबताच माय खाली उतरली, पाय फाकवून उभी राहिली आणि ओरडली, “दख आक्का! एक पाय मन्हा मामाना घर, दुसरा परमुलुखमा!” घरी मी आक्का. फलाटावरचा चहावाला हसला, आमचे सहकारी हसले, मीही हसले. तेव्हा माझ्या हसण्यात काही खोट नव्हती. एवढं मला आठवतं आणि त्याचाच आधार वाटतो.

समुद्रकाठचं ते ठिकाण टापटिपीचं होतं. नारळाची रांगेत लावलेली झाडं, पांढऱ्या खुर्च्या, छत्र्या आणि मधोमध निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. माय तलावाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “इतला मोठा दर्या बाहेर पडेल शे, नि आठे हौद कसाले बांधा?” 

डुमसची वाळू काळी आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र पार लांब गेलेला, आणि मधे चकचकीत काळा चिखल. उंटवाले, घोडेवाले, मक्याची कणसं भाजणारे, टोमॅटोची भजी तळणारे. आमच्यातल्या कित्येकांचा हिरमोड झाला. चित्रातला समुद्र निळा असतो. माय मात्र वाकली, मूठभर वाळू उचलून तिने बोटांनी चोळली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उजळला. “हाई त आपलीच कायी माटी शे वं! तापीमायनी संगेच आनी वाटस!”

प्राचार्य सरांच्या सौ. शेजारी उभ्या होत्या. सर पुण्याकडचे, नुकतेच आमच्याकडे आलेले. माझी नेमणूक कायम व्हायची होती आणि शिफारस सरांच्या हातात होती. “काय म्हणाल्या हो आई?” सौ.नी कौतुकाने विचारलं.

“वाळू छान आहे, म्हणते,” मी म्हटलं.

माय माझ्याकडे बघत राहिली. एवढं लांबलचक वाक्य इतकं लहान कसं झालं, असं काहीसं तिच्या डोळ्यांत होतं.

माझे सगळेच सहकारी पुण्याकडचे नव्हते. बरेचजण शहाद्याचे, तळोद्याचे, घरी आमच्यासारखंच बोलणारे. पण कॉलेजचं फाटक ओलांडलं की आम्ही सगळे ‘आहे’त शिरायचो. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

दुपारचं जेवण लांब टेबलावर होतं. हिवाळा होता, म्हणून ताटात पोंक आला. ज्वारीचा कोवळा हुरडाच तो, वर शेव आणि लिंबू. इतक्या थाटात वाढलेला हुरडा माय पहिल्यांदाच बघत होती. वाढायला रमणभाई म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते, खांद्यावर पंचा, चालण्यात घाई नाही. त्यांनी मायपुढे वाकून विचारलं, “मासी, पोंक आपुं?”

“शे का आखो?” आणखी आहे का, असं मायने विचारलं.

“छे, मासी, घणो छे!”

माय जागच्या जागी थबकली. मग माझ्या दंडाला धरून एवढ्या मोठ्याने म्हणाली की सगळं टेबल वळून बघायला लागलं. “दख आक्का, हाऊ भाऊबी ‘शे’ म्हणस!”

तिला वाटलं, आपली भाषा सुरतेपर्यंत आली आहे. गुजराती ‘छे’चा ‘शे’ ऐकायची चूक आमच्याकडच्याच माणसाने करावी. आणि ती चूक तरी कशी म्हणू? रमणभाईंना तिचं कळत होतं, तिला रमणभाईंचं. मी भाषेची एमए, आणि दोघांच्या मधे बसून बघत होते.

“तमारुं गाम कयुं, मासी?”

“परकाशा शे, भाऊ. तापीना काठले.”

“अरे, तापी तो आपणी मा छे!”

“माय शे, भाऊ! माय शे!” माय हसत सुटली. “तिलेच भेटाले उनी मी. तिन्हं सासर दखाले.”

रमणभाईंनी वाढायचं भांडं टेबलावर ठेवलं आणि नीट ऐकायला उभे राहिले. मायने म्हशीपासून सुरुवात केली. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा तिला कुणी पूर्ण ऐकत होतं.

“किती गोड!” सरांच्या सौ. म्हणाल्या. “ही कुठली भाषा?”

“मॅडमच्या घरची,” सर म्हणाले. “पण मॅडमचं मराठी बघा किती शुद्ध. अजिबात कळत नाही त्या इकडच्या आहेत म्हणून.”

हे कौतुक होतं, आणि मी ते कौतुक म्हणूनच घेतलं. अंगावर मूठभर मांस चढलं. ते टिकवायला हवं असं वाटलं. मी वर्गातला आवाज काढला, तोच, फळ्याकडे पाठ करून काढते तो, आणि हसत हसत म्हटलं, “माय, ते ‘छे’ म्हणतात. आणि आपण ‘शे’ म्हणायचं नाही. ‘आहे’ म्हणायचं. म्हण बरं, आहे.” मग टेबलाकडे वळून, “माझ्या वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी!”

सगळे हसले. सर म्हणाले, “मॅडम सुट्टीतसुद्धा तास घेतात!” माझे शहाद्याचे सहकारीही हसले. त्यांच्याही घरी माय होती.

माय हसतच होती. तिला वाटलं, हा खेळ आहे. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली, शाळेत पोरं उभी राहतात तशी. पदर नीट केला, हात जोडले. “चुकलं, मॅडम,” ती म्हणाली. “आहे.”

टेबलाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती खाली बसली तेव्हा रमणभाईंनी भांडं उचललं होतं. म्हशीची गोष्ट अर्धीच राहिली होती. त्यांनी मायकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या ताटाकडे गेले. माय पोंकचा एकेक दाणा तोंडात टाकत राहिली. तिने आखो काही मागितलं नाही.

ऊन कलल्यावर भरती आली. समुद्र जवळ आला, तपकिरी, गढूळ, आमच्या पुराच्या तापीसारखा. मायने पिशवी काढली. मी सोबत निघाले. ओटी भरताना ती नदीशी बोलते, ते मला लहानपणापासून माहीत होतं. तापीच्या घाटावर कितीदा तिच्या पदराला धरून मी ते ऐकलं आहे. तिथे कुणाचीही लाज नसायची. खण पाण्यावर सोडायचा, तांदूळ सोडायचे आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलायचं.

घोट्याएवढ्या पाण्यात ती थांबली. मी थांबले. तिने खण काढला, हातात धरला आणि काहीच बोलेना. मला वाटलं, लाटेची वाट बघते आहे. एक लाट आली, दुसरी आली. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तुम्ही जरा पुढे व्हा.”

तुम्ही. मी मागे वळून बघितलं, सर किंवा सौ. आल्या असतील म्हणून. कुणी नव्हतं.

मी काठाकाठाने पुढे झाले. वीस-पंचवीस पावलं गेले असेन, तेव्हा वाऱ्यावर तिचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. वाक्याच्या शेवटाला येणारं ‘शे’ तेवढं तुटक तुटक ऐकू येत होतं, लाट फुटल्यावर मागे राहतो त्या आवाजात मिसळून. खूप वेळ ती बोलत होती. आठवडाभर जमवलेली सगळी खबर तिने दिली असणार. आणि आणखीही काही सांगितलं असेल. ते काय, हे तापीला माहीत.

दुसऱ्या दिवशी सुरतेत किल्ला बघितला, तळं बघितलं, बाजार केला. माय सगळ्यांच्या मागे चालत होती. कुणी काही दाखवलं की म्हणायची, “छान आहे.” सौ. मला म्हणाल्या, “बघा, एका दिवसात शिकल्या!” परतताना नवापूरला गाडी थांबली. मी म्हटलं, “माय, महाराष्ट्र आला.” ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “हो. आला आहे.” खाली उतरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नेमणूक कायम झाली. मी पेढे घेऊन गावी गेले. मायने देवापुढे ठेवले, माझ्या तोंडात घातला, आणि म्हणाली, “तुमचे चांगले झाले.” मी हसण्यावारी नेलं. तोवर मला वाटत होतं, ती रुसली आहे, रुसवा उतरेल. पण हा रुसवा नव्हताच. तिचा चेहरा साधा होता, जरा काळजीचा, परीक्षेला बसलेल्या पोराचा असतो तसा. लेक मोठी मॅडम झाली, तिच्यापुढे नीट बोलायला हवं, नाहीतर लोकांत तिचं हसं होईल, एवढाच अर्थ तिने त्या टाळ्यांतून काढला होता. तिने मला शिक्षा केली असती तर मी ती भोगून मोकळी झाले असते. तिने माझी आज्ञा पाळली.

पाच वर्षं ती पाळते आहे. दादांशी, शेजारणीशी, गुरांशी, तापीशी ती शे बोलते. माझ्याशी आहे. आधी फोनवर अर्धा अर्धा तास चालणाऱ्या तिच्या गोष्टी आता तीन वाक्यांत संपतात. “जेवण झाले का? इकडे सगळे ठीक आहे. ठेवू का?” मागच्या पावसाळ्यात ती आठ दिवस तापाने पडली होती. मी रोज फोन करत होते आणि रोज ‘ठीक आहे’ ऐकत होते. मला कळलं ते शेजारच्या तुळसाकाकूकडून. “तुले नही सांगं तिनी?” काकूने विचारलं. नाही सांगितलं. कसं सांगणार? हाडात कसं कसं होतं, जीव कसा घाबरतो, रात्री तोंडाला कशी कडू चव येते, हे सगळं तिच्याकडे शे-मधे आहे. आहे-मधे तिला फक्त ठीक असता येतं.

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना अजून कधी कधी एखादा ‘शे’ भेटतो. मधे काही दिवस मी त्याच्याभोवती गोल काढणं बंद केलं होतं. पण परीक्षेत बाहेरचे तपासणारे गुण कापतात, आणि नुकसान त्या मुलीचं होतं. मी पुन्हा काढायला लागले. हल्ली लाल शाईने काढत नाही, एवढंच.

परवाच्या रविवारी गावी गेले. घराच्या वाटेवरूनच अंगणातला मायचा आवाज ऐकू आला. ती आणि तुळसाकाकू मिरचीच्या ढिगाशी देठं खुडत बसल्या होत्या आणि माय कुणाची तरी नक्कल करत होती. काकू हसून हसून डोळे पुसत होती, मिरचीचे हात डोळ्यांना लागू नयेत म्हणून दंडाने. मी कुंपणाशी थांबून ऐकत राहिले. माझ्याच घरी, चोरून. मग काकूचं लक्ष गेलं. मायने वर बघितलं, पदर नीट केला.

“या. कधी निघाला होता?”

मी चप्पल काढून ढिगाशी बसले आणि मिरच्या हातात घेतल्या. “राहू द्या,” माय म्हणाली, “हात झोंबतील.” पूर्वी तिने कोपराने लोटलं असतं. मी खुडत राहिले. काकू पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. थोड्या वेळाने मी विचारलं, यंदा पुन्हा सहल आहे, समुद्राची, येशील का. ती म्हणाली, “नको. तुम्ही जाऊन या. तापीला नमस्कार सांगा.”

बोटं पेटायला लागली होती. मला पाच वर्षं जे बोलायचं होतं, ते मी मनात किती वेळा शुद्ध मराठीत लिहून काढलं होतं. त्यातलं काही आठवेना. आणि जे तोंडात आलं, ते पाचवीतल्या त्या पायरीच्याही आधीचं होतं.

“माय,” मी म्हटलं, “मन्हं चुकनं.”

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने बघितलं. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, याची खात्री करून घेतली आणि माझ्याकडे वाकून, मला कमीपणा येऊ नये अशा हळू आवाजात म्हणाली,

“चुकनं नाही, मॅडम. चुकलं.”

आणि पुढची मिरची उचलली.